नायलॉनची शिवण

त्या सकाळी मिस्त्रींच्या डाव्या हातात हातमोजा होता.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीच्या चौकशीत नाही, पापनिवेदनाला फादरसमोर गुडघे टेकले तेव्हाही नाही. तिथं मी 'खोटं बोललो' एवढंच म्हणायचो आणि त्या दोन शब्दांत हे सगळं गुंडाळून द्यायचो. कुठलं खोटं, असं फादरनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दुसरंच एखादं काढून दिलं असतं. माझ्याकडे साठा होता. मी स्टोअरकीपर होतो.

हे कतारमधलं, दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. दोह्याहून दुखानकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्तीपासून बरंच आत, आमच्या कंपनीचं वर्कशॉप होतं. तेलाच्या विहिरींवरचे पंप आणि व्हॉल्व्ह तिथं दुरुस्तीला यायचे. एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीने वेगळी काढलेली माझी खोली, जाळीला एक खिडकी. खिडकीतून मी सामान द्यायचो आणि सही घ्यायचो. बूट, हेल्मेट, चष्मे, हातमोजे सगळं माझ्या ताब्यात. या खिडकीतून न आलेली कुठलीही वस्तू कामाच्या वेळी अंगावर घालायची नाही, असा कागद भिंतीवर हिंदी-इंग्रजीत चिकटवलेला होता. चिकटवला होता मीच.

खिडकीच्या बरोबर समोर लोखंड कातायचा मोठा लेथ होता आणि लेथवर मिस्त्री.

मिस्त्री रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे मुसलमान. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. उभा जन्म लेथसमोर काढलेला. शेडमध्ये मल्याळी होते, नेपाळी होते, फिलिपिनो होते. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते मला वसईकर म्हणायचे. मी वसईच्या कोळीवाड्यातला ख्रिस्ती आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, म्हणजे तूही खाऱ्या पाण्याचा आणि मीही, मधे ही वाळू कुठून आली कोण जाणे.

कामाला उभं राहण्याआधी त्यांचं एक ठरलेलं होतं. घड्याळ काढायचं, गळ्यातला ताईत काढून खिशात ठेवायचा, बाह्या कोपरावर दुमडायच्या. अंगठी त्यांनी आयुष्यात घातली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की फिरत्या मशीनजवळ अंगावर जे काही असेल ते ओढलं की निघालं पाहिजे, नाहीतर फाटलं पाहिजे. दोन्ही होत नसेल तर तिसरं होतं. तिसरं काय, ते सांगत नसत.

कतारमध्ये थंडी असते हे मी घरी फोनवर सांगितलं की सगळे हसायचे. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की सकाळी सहाला त्या शेडमध्ये लोखंडाला हात लावणं नको व्हायचं. मिस्त्रींच्या बोटांच्या पेरांना गारठ्याने सूज यायची, डाव्या मनगटाला जास्त. लेथ चालू करायच्या आधीचं सगळं काम थंड लोखंड हाताळून करायचं असे. माप घ्यायचं, जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, चकच्या फिरत्या जबड्यात बसवायचा, तो सरळ बसलाय का ते बोटं फिरवून पाहायचं. मी त्यांना स्टोअरमधले चामड्याचे मोजे देऊन पाहिले. त्यांनी ते परत खिडकीत आणून ठेवले. बोटं झाकली की मी आंधळा, म्हणाले. तळवा झाकेल आणि बोटं मोकळी राहतील असं काही असलं तर बघ.

शुक्रवारी कंपनीची बस आम्हाला दोह्याला सोडायची. तिथल्या अल सद्द भागात आमच्या वसईच्याच एक बाई राहत. नवरा ऑफिसात, त्या हॉस्पिटलात. त्यांच्या फ्लॅटवर आम्ही दहाबारा जण प्रार्थनेला जमायचो. प्रार्थना, मग जेवण, आणि जेवणानंतर बायका लोकरीचे चौकोन विणत बसायच्या. वीतभरसुद्धा नाही, चार बोटं रुंद आणि तेवढीच लांब अशी लाकडी चौकट, चारही कडांना बारीक खिळे. खिळ्यांवरून आधी उभे धागे ताणून घ्यायचे, मग लांब सुईने आडवा धागा एकाखालून एकावरून ओवत न्यायचा. शेवटी चौकोन खिळ्यांवरून अलगद उचलला की हातात येतो तो पुरा झालेला, चारही कडा बंद. कापायला नको, दुमडायला नको. असे शंभर-सव्वाशे जोडले की एक पांघरूण व्हायचं.

मला ते पाहून राहवेना. माझ्या बापाने आणि आज्याने जाळी विणलेली. सुई आणि दोरा मला परके नाहीत. बाईंनी चौकट माझ्या हातात दिली तेव्हा बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाई म्हणाल्या, हौस करून घे, बायको आली की भांडीच घासायची आहेत.

बायको यायची होती. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि त्यातले सगळे मिळून पाच महिनेही आम्ही एका घरात काढले नव्हते. तिच्या व्हिसाचे कागद कंपनीच्या ऑफिसात सहीसाठी पडले होते. हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याच्या मागे हेच कागद होते. सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं म्हणून सांगतो.

पॅकिंगच्या खोक्याची पट्टी कापून मी एक चौकट केली. मिस्त्रींसाठी पहिली जोडी केली ती दोन-दोन चौकोनांची. दोन चौकोन एकमेकांवर ठेवायचे, एक बाजू पूर्ण शिवायची, दुसऱ्या बाजूला अंगठ्यापुरती फट सोडून वरखाली टाके घालायचे. झाला मोजा. राखाडी लोकर होती, शिवलीही तिनेच. मिस्त्रींनी हात घातला, बोटं उघडमीट केली. मग म्हणाले, कोळ्याच्या हातचं हाय, मासळीचा वास आला नाय म्हणजे झालं.

ते मोजे सैल होते. मिस्त्री सकाळी ते घालून जॉब बसवायचे आणि लेथ चालू करायच्या आधी एका झटक्यात दोन्ही काढून बाजूच्या खोक्यावर टाकायचे. रोजच्या त्या झटक्याने शिवण उसवायची. आठ-पंधरा दिवसांनी ते मोजा खिडकीत आणून ठेवायचे आणि मी पुन्हा टाके घालायचो. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. उसवतो तेच बरं, म्हणायचे. मलाच ते खटकायला लागलं. एकदा मल्याळी फोरमनने उसवलेला मोजा उचलून सगळ्यांना दाखवला आणि हिंदीत म्हणाला, स्टोअरकीपरचा स्टॉक असाच, वरून बरा, आतून सुटा. सगळे हसले. मिस्त्रीही हसले. मी पण हसलो, पण ते मनात राहिलं.

दुसऱ्या जोडीला मी जाळ्याचा नायलॉन वापरला. घरून येताना आणलेली एक लडी होती माझ्या पेटीत, का आणली होती देव जाणे. या वेळी चार-चार चौकोन घेतले, मोजा मनगटावरून वर जाईल असा. मनगटाशी आत घेऊन आवळला, म्हणजे वारा शिरणार नाही. टाके घातले ते जाळ्याच्या गाठीचे, प्रत्येक टाक्याला गाठ. ही गाठ ओढ बसली की सुटत नाही, आणखी आवळते. बापाने शिकवताना माझ्या करंगळीभोवतीच घालून दाखवली होती, आणि मी रडेपर्यंत सोडवली नव्हती.

शुक्रवारी तो मोजा मी अल सद्दला नेला होता, कौतुक करून घ्यायला. बाईंनी शिवण नखाने ओढून पाहिली. "लोकरीला लोकरच लावतात रे," म्हणाल्या. "ओढ बसली तर शिवण आधी जायला हवी. ही शिवण जाणार नाही, बाकी सगळं जाईल." मला वाटलं, बाईंना माझं काम आपल्यापेक्षा चांगलं झालेलं रुचलं नाही.

शनिवारी मी ती जोडी मिस्त्रींना दिली. उजवा गेला. डावा घालताना त्यांना मनगटाशी जोर करावा लागला. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"काम नामी केलंस, वसईकर. पण घट्ट हाय. ओढला की निघंल ना?"

"वापरून सैल होईल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. खिडकीपलीकडून माझ्या ताब्यातल्या वस्तूबद्दल मी काही सांगितलं की ते मानायचे. ती माझी बाजू, लेथ त्यांची, अशी आमची वाटणी होती.

रविवारी सकाळी वाऱ्याबरोबर वाळू होती. शेडचे पत्रे वाजत होते, दाराच्या फटीतून आलेल्या वाळूची एक रेघ फरशीवर लेथपर्यंत गेली होती. मिस्त्रींनी एका पंपाचा शाफ्ट, लांब गोल दांडा, चकमध्ये बसवला. बाहेर पिकअप त्याच शाफ्टसाठी उभी होती आणि फोरमन पाठीशी यल्ला, यल्ला, चल लवकर, करत होता. मिस्त्रींनी उजवा मोजा दातांनी ओढून काढला आणि खोक्यावर टाकला. मग डावा ओढला. निघाला नाही. पुन्हा ओढला. मी जाळीतून बघत होतो. लोकर ताणली गेली, शिवण ताठ झाली आणि टिकली.

त्या क्षणी मला बरं वाटलं. मनात आलं, आता म्हणावं फोरमनला, आतून सुटा.

बाकीच्याची कबुली देता येईल, या बरं वाटण्याची कशी द्यायची ते मला वीस वर्षं कळलेलं नाही.

मिस्त्रींनी माझ्या खिडकीकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. फोरमन पुन्हा काहीतरी म्हणाला. मिस्त्रींनी लेथ चालू केला आणि पॉलिश पेपरची पट्टी फिरत्या शाफ्टवर धरली. उजव्या हातात एक टोक, डाव्यात दुसरं, डावा हात चकच्या बाजूला.

मी मान खाली घालून रजिस्टर उघडलं होतं. आवाज बदलला म्हणून वर पाहिलं. चालत्या लेथला एक सूर असतो, तो मधेच जड झाला. मुख्य स्विच माझ्या खिडकीशेजारच्या भिंतीवर होता. तो मी पाडला. तेवढं एक मी ताबडतोब केलं.

मिस्त्री ओरडले नाहीत. फोरमन ओरडत होता, आणि ओरडतच तो गाडी आणायला बाहेर धावला. मी स्टोअरमधली पत्रा कापायची कात्री घेऊन गेलो. लोकर पिंजून गेली होती, चौकोन ओळखू येत नव्हते. शिवण जशीच्या तशी होती. हाताभोवती फिरून चकच्या जबड्यात गेलेली ती दोरी एकेक टाका करत मी कापली. हात सुटला. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. नेपाळी पोरांनी त्यांना धरलं, आणि सगळे त्यांच्याकडे बघत असताना मी चकमध्ये मोज्याचं जे उरलं होतं ते ओढून काढलं आणि खिशात घातलं. खोक्यावरचा उजवा मोजाही घेतला. यासाठी मला कुणी शिकवलं नव्हतं, की कुणी सांगितलं नव्हतं. हाताने आपसूक केलं.

मिस्त्रींचा डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.

दुपारी सेफ्टी ऑफिसर आला. त्याने मला इंग्रजीत विचारलं, मिस्त्रींनी मोजे घातले होते का. नो सर, मी म्हणालो. फोरमनला विचारलं. तो माझ्याकडे न बघता नो म्हणाला. घाई त्यानेच लावली होती, मोज्यांची गोष्ट निघाली तर तीही निघाली असती. रजिस्टर पाहिलं. मिस्त्रींच्या नावावर मोजे दिल्याची नोंद नव्हती. कामगाराने निष्काळजीपणाने उघडा हात फिरत्या भागाजवळ नेला, असं लिहून झालं. खलास.

इथवरचं सगळं भीतीपोटी झालं असं मी म्हणू शकतो. चौथ्या दिवशी दोह्याच्या हॉस्पिटलात जे झालं ते तसं म्हणता येत नाही. तिथं मला कुणी काही विचारायला आलं नव्हतं. मी स्वतःहून गेलो होतो, सफरचंदं घेऊन.

मिस्त्री औषधांच्या गुंगीत होते. मला पाहून त्यांनी उजवा हात जरा उचलला. मग हळू आवाजात म्हणाले, "डावा निघाला नाय, वसईकर."

"काय निघालं नाही?"

"मोजा. दोनदा ओढला मी."

मला तेव्हा नुसतं गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं मला चांगलं जमतं. मी स्टूल जवळ ओढलं आणि म्हणालो, "मोजा नव्हता, मिस्त्री. दोन्ही काढून ठेवलेत तुम्ही खोक्यावर. मी खिडकीतून बघत होतो. हात उघडा होता तुमचा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"उघडा होता?"

"हो."

"तू बघितलंस?"

"मी बघितलं."

पट्ट्यांत गुंडाळलेला हात छातीवर होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग अगदी सावकाश म्हणाले, "मंग तो तिकडं गेलाच कसा?"

मी म्हणालो, झोप झाली नसेल. ते म्हणाले, असंल. आणि त्यांनी माझं ऐकलं, जसं खिडकीपलीकडून नेहमी ऐकायचे तसं.

महिन्याभराने कंपनीने त्यांना घरी पाठवलं. निघताना ते शेडमध्ये आले, सगळ्यांना भेटले. लेथपाशी गेले नाहीत, लांबूनच वळले. माझ्या खिडकीशी थांबून म्हणाले, इन्शाल्ला भेटू, आणि उजवा हात जाळीतून आत दिला. मी तो धरला.

पुढच्या उन्हाळ्यात बायको आली. अल सद्दमध्ये, बाईंच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून, आम्ही सहा वर्षं राहिलो. मुलगी तिथंच झाली. डावा मोजा, त्याचं जे उरलं होतं ते, मी दुखानच्या रस्त्यावर एका पिंपात टाकलं होतं. उजवा टाकता आला नाही. दुधाच्या पावडरीच्या डब्यात चौकटीसोबत ठेवला होता. एकदा बायकोला तो डबा सापडला. तिला विणकामाची हौस, तिने मोजा हातात घालून पाहिला, शिवणीचं कौतुक केलं. दुसरा कुठंय, विचारलं. हरवला, मी म्हणालो. मग तसाच एक करून दे ना, इथं एसीत माझे हात गारठतात, ती म्हणाली. मी म्हणालो, विसरलो आता. त्यानंतर तिथं असेपर्यंत ती एसीच्या खोलीत हात काखेत घालून बसलेली दिसली की मी उठून बाल्कनीत जायचो.

परतायच्या आदल्या वर्षी मला एक ड्रायव्हर भेटला, मिस्त्रींच्याच गावचा. मी आधी विचारणार नव्हतो. त्यानेच सांगितलं. मिस्त्री बरे आहेत, मशिदीत जातात, पण कशाला हात लावत नाहीत. कोयता उचलत नाहीत, होडीत दोर धरत नाहीत. मुलाला मुलगा झाला, तर त्याला कुशीत घेईनात. सून बाळ पुढे करते, हे हात मागे घेतात. लोकांनी विचारलं तर सांगतात, दोन बोटं आहेत, धरता येईल, तसं काही नाही. पण हा हात माझ्या नकळत चालतो. उघडे डोळे असताना चक्रात गेला. उद्या पोराला घेऊन कुठं जाईल, काय सांगावं.

ड्रायव्हर हे गंमत म्हणून सांगत होता, म्हातारा जरा सटकलाय अशा सुरात. मी शुक्रान म्हणून त्याचे आभार मानले आणि गाडीतून उतरलो. माझं उतरायचं ठिकाण आलं नव्हतं.

बोटं माझ्या शिवणीने नेली. ती चूक होती, आणि चूक कुणाकडूनही होते असं एखादा फादर मला सांगेलही. पण तो हात मिस्त्रींचा होता, उभ्या जन्मात एकदाही न चुकलेला, आणि त्याच्यावरचा त्यांचा भरवसा मी स्टुलावर बसून, शुद्धीत, चार वाक्यांत काढून घेतला.

आता मी वसईला असतो. पन्नाशी मागे पडली. बायकोला हे कागद वाचायला देणार आहे. ती मोज्याबद्दल दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा काय सांगायचं ते आता ठरलेलं आहे. पण हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. ज्याला सांगायचं तो हे वाचणार नाही. मिस्त्री हयात आहेत. गावाचं नाव मला माहीत आहे, एसटी कुठून सुटते तेही. नातू आता मोठा झाला असेल, कुशीत घ्यायचं वय त्याचं कधीच सरलं. तेवढं मला भरून देता येणार नाही.

देता येईल ते अजून दिलेलं नाही. उजवा मोजा घेऊन त्यांच्या दारात जायचं आहे, त्यांच्या समोर बसायचं आहे आणि सांगायचं आहे, की त्या सकाळी मोजा होता, शिवण माझी होती, आणि तुमचा हात चुकला नव्हता. एवढं मी त्यांचं देणं लागतो.